माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर आणि नातवाची गिटार

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की नाशिकच्या जुन्या पेठांतील घरांचे माळे रिकामे होऊ लागतात. पेढीवर नव्या वह्यांची तयारी चाललेली असते. घरात तांब्यापितळेची भांडी, मोडके पंखे आणि जुने पाट यांच्यामागून एखादी धुळीने माखलेली लाकडी पेटी खाली येते. झाकण उघडले की आत तबकडी फिरवणारी चकती आणि सुईचा दांडा दिसतो. मागची जाळी काढली की काचेच्या काळवंडलेल्या नळ्या दिसतात. भंगारवाला पेटी उचलून पाहतो आणि लोखंड किती, तांबे किती, एवढाच अंदाज बांधतो. आजोबांना ती विकवत नाही, कारण तिच्यावर ऐकलेली गाणी अजून त्यांच्या कानांत आहेत. घरातील गिटार शिकणारा नातू मात्र वेगळीच मागणी करतो. पेटीतील भाग मिळाले तर त्यांतून गिटारचा ॲम्प्लिफायर बांधता येईल, असे त्याचे म्हणणे असते.

प्रश्न किरकोळ वाटला तरी त्यात तीन गोष्टी पणाला लागलेल्या असतात : एका चांगल्या वस्तूचे आयुष्य, घराची आठवण आणि ती पेटी उघडणाऱ्या मुलाचा जीव. म्हणून होकार किंवा नकार देण्यापूर्वी हा माल नेमका काय आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. मालाची पारख व्यापारी घराला नवीन नाही. येथे फक्त माल अनोळखी आहे.

पेटीतील काचेची नळी म्हणजे निर्वात नलिका. दुरुस्तीच्या दुकानांत तिला व्हॉल्व्ह म्हणत. जॉन फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दोन टोकांची नलिका सिद्ध केली. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे टोक, म्हणजे बारीक तारेची जाळी बसवली. या जाळीवर दिलेला क्षीण विद्युत्संकेत नलिकेतून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहाला आवरतो आणि सोडतो. धरणाच्या दाराची कळ हलक्या हाताने फिरवली तरी पाण्याचा मोठा लोट कमी-अधिक होतो, तसेच हे. सुईने तबकडीवरून उचललेला नाजूक संकेत स्पीकर हलवण्याइतका बलवान होतो, तो या रीतीने.

आपल्या देशात या नलिका केवळ परदेशातूनच येत असे नाही. १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्याने १९६१ मध्ये रेडिओच्या नलिकांचे उत्पादन सुरू केले. जुन्या संचांतील काचेवर पुसट झालेली ‘बीईएल’ ही अक्षरे दिसली तर ती त्या कारखान्याची खूण होय.

आता गिटारकडे वळू. गिटारचा आणि जुन्या रेडिओ-प्लेअरच्या भागांचा संबंध आजच्या मुलांनी जोडलेला नाही. तो पहिल्यापासूनचा आहे. लिओ फेंडर यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले होते. वादक आपली वाद्ये आणि ध्वनिवर्धक दुरुस्तीला आणीत आणि त्यातूनच ते पुढे गिटार व ॲम्प्लिफायरचे उत्पादक झाले. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांनी १९६० मध्ये वाद्यांचे दुकान उघडले. ते स्वतः ढोलवादक होते आणि दुकानही मुख्यतः ढोलांचेच. तेथे येणारे तरुण गिटारवादक म्हणत की, अमेरिकन ॲम्प्लिफायर फार महाग पडतात आणि मनासारखा आवाज देणारा दुसरा मिळत नाही. मार्शल यांनी ती मागणी मनावर घेतली. दुकानातील दुरुस्ती पाहणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने, फेंडरच्याच एका आराखड्यावरून, १९६२ मध्ये त्यांनी पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार करवला. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाची गरज कान देऊन ऐकली, त्यातून हे जगप्रसिद्ध नाव निर्माण झाले. ही गोष्ट कोणत्याही पेढीवर सांगण्यासारखी आहे.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. तो लहान, स्वस्त आणि कमी वीज खाणारा असल्याने त्याने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअरमधून नलिकांना हळूहळू हद्दपार केले. गिटारवादकांनी मात्र नलिका सोडली नाही. याचे कारण असे की, क्षमतेबाहेर जोर दिला की साधा ट्रान्झिस्टर ध्वनीच्या लाटेचा माथा एकदम छाटतो आणि आवाज कर्कश होतो. नलिका तो माथा क्रमाक्रमाने दाबते. त्या दबण्यातून उमटणारा भरदार, किंचित खरखरीत स्वर गिटारवादकाला हवा असतो. त्यामुळे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथे आजही नव्या नलिका तयार होतात. भंगारवाल्याच्या काट्यावर जिचे वजन नगण्य, ती वस्तू अजून चालत्या बाजारातील आहे.

माळ्यावरून खाली आलेल्या पेट्या मात्र सर्व एका जातीच्या नसतात. हाताने चावी देऊन चालणारा ग्रामोफोन असेल, तर त्यात विजेचा एकही भाग नाही. तो जसाच्या तसा जपावा. सुटकेससारखा उचलून नेता येणारा नंतरच्या काळातील प्लेअर बहुधा ट्रान्झिस्टरचा असतो. या कामासाठी त्याचाही उपयोग नाही. उरतात ते दोन प्रकार. एक, नलिकांवर चालणारा छोटा विजेचा प्लेअर. आणि दुसरा, रेडिओ व प्लेअर एकाच कपाटात असलेला रेडिओग्राम. या दोहोंतील फरक नलिकांच्या नावांवरून पुष्कळसा कळतो.

युरोपीय पद्धतीच्या नलिकांची नावे म्हणजे व्यापाऱ्याच्या सांकेतिक भावचिठ्ठीसारखी असतात. पहिले अक्षर ‘ई’ असेल, तर नलिका तापवणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. ‘यू’ असेल, तर त्या तारा एकामागोमाग एक जोडून थेट घरच्या विजेवर चालवण्यासाठी केलेल्या असतात. पुढची अक्षरे काम सांगतात : ‘सी’ म्हणजे संकेत वाढवणारी तीन टोकांची नलिका, ‘एल’ म्हणजे स्पीकरला शक्ती देणारी, ‘वाय’ आणि ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारी. ईसीसी ८३ म्हणजे एकाच काचेत संकेत वाढवणाऱ्या दोन नलिका; ईएल ८४ म्हणजे शक्तीची नलिका; ईझेड ८० म्हणजे वीज एकदिश करणारी. एवढी तीन नावे एका पेटीत सापडली, तर लहान गिटार ॲम्प्लिफायरचा मुख्य ऐवज घरातच आहे, असे समजावे.

येथे घरातील पहिला निर्णय करावा लागतो. पेटी चालू असेल किंवा थोड्या दुरुस्तीने चालणार असेल, तर ती मोडू नये. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकलाच झाला. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ते गेले. त्यांचे गाणे पुढच्या पिढ्यांना लाभले ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळे. अशा तबकड्या ज्या घरात आहेत, तेथे त्या वाजवणारे यंत्र हा सुट्या भागांचा साठा नव्हे. ते त्या तबकड्यांची जोड आहे. एकाविना दुसरे मुके होते. गिटारसाठी हात घालायचा तो अशा पेटीला, जिची चकती फिरवणारी यंत्रणा मोडली आहे, सुईचा दांडा हरवला आहे किंवा लाकूड वाळवीने खाल्ले आहे. बंद पडलेले संच बुधवारच्या बाजारात, भंगाराच्या दुकानांत आणि नातलगांच्या माळ्यांवर शोधता येतात. थोडे थांबण्याची तयारी हवी.

दुसरा निर्णय सुरक्षेचा. आणि तो पहिल्याहून मोठा आहे. पुष्कळ छोट्या प्लेअरमध्ये वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसे. खर्च वाचवण्यासाठी घरच्या विजेची एक तार थेट आतील लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. बाहेरून लाकडी पेटी आणि प्लास्टिकच्या खुंट्या असल्याने ऐकणाऱ्याचा त्या सांगाड्याला स्पर्श होत नसे. विजेच्या गिटारची गोष्ट निराळी. तिच्या पोलादी तारा घोडीमार्फत जोडणीच्या वायरला आणि त्या वायरने ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अशा प्लेअरला गिटार जोडणे म्हणजे २३० व्होल्टची उघडी तार मुलाच्या बोटांखाली देणे होय. ‘यार्डबर्ड्स’ या विख्यात इंग्रजी वाद्यवृंदाचे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये आपल्या घरी विजेची गिटार वाजवताना धक्का बसून मरण पावले. अर्थिंग नीट नव्हते. घर, एक गिटार आणि एक सदोष जोडणी, एवढेच त्या अपघाताला पुरेसे झाले.

म्हणून ‘यू’ अक्षराच्या नलिकांचा संच या कामासाठी जसाच्या तसा कधीही वापरू नये. ‘ई’ अक्षर दिसले तरी निश्चिंत राहू नये. काही प्लेअरमध्ये तापवणाऱ्या तारेची वीज मोटरच्या गुंडाळीतून घेत आणि बाकीचा भाग थेट घरच्या विजेवरच असे. घरची वीज आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आहे, हे जाणत्या माणसाने मीटर लावून सिद्ध केल्यावरच पुढे जावे. सांगाड्याला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग आणि आत येणाऱ्या वीजतारेवर फ्यूज, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

नाशिकच्या घरांना आणखी एक तपासणी करावी लागते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदावरीला आलेल्या पुराचे पाणी नदीकाठच्या बाजारपेठेत शिरले होते. पुरात भिजलेली पेटी वरून कोरडी झाली तरी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधील कागदात ओल आणि गाळ राहून गेलेला असू शकतो. असा ट्रान्सफॉर्मर मेगर लावून तपासल्याशिवाय विजेला जोडू नये. तो निकामी ठरला तर मोटार वाइंडिंग करणाऱ्या अनुभवी कारागिराकडून त्याच मापाचा नवा भरून घ्यावा.

या दोन्ही कसोट्यांवर रेडिओग्राम बहुधा उतरतो, कारण त्यात भक्कम ट्रान्सफॉर्मर असण्याची शक्यता अधिक. तो पुरेसा आहे की नाही, हे जमा-खर्च मांडून कळते. समजा, संचातील रेडिओचा भाग काढून टाकला. त्यातील ईसीएच ८१ आणि ईबीएफ ८९ या नलिका तापण्यासाठी प्रत्येकी ०.३ अँपिअर घेत होत्या, म्हणजे ०.६ अँपिअर मोकळे झाले. गिटारसाठी ईसीसी ८३ नव्याने घातली, तिला ०.३ लागतात. ईएल ८४ चे ०.७६ आणि ईझेड ८० चे ०.६ पूर्वीचेच. खर्च वाढला नाही, उलट ०.३ अँपिअर शिल्लक पडले. जुन्या ट्रान्सफॉर्मरला वयाची सवलत द्यावी लागते. त्या दृष्टीने ही शिल्लक मोलाची.

ईसीसी ८३ ची भर कशासाठी, हेही समजून घ्यावे. प्लेअरच्या स्फटिकाच्या सुईकडून येणारा संकेत अर्ध्या व्होल्टच्या घरातील असतो; त्याला थोडी वाढ पुरते. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. हलक्या हाताने छेडलेल्या तारेतून येणारा संकेत व्होल्टचा काही शतांशच असतो. प्लेअरच्या मूळ जोडणीत गिटार लावली तर आवाज दबका येतो, तो यामुळे. मध्ये वाढीची एक पायरी अधिक घातली की ईएल ८४ पूर्ण क्षमतेने चालू लागते आणि सुमारे ५ वॅट शक्ती देते. आकडा लहान दिसतो; दिवाणखान्यात मात्र तेवढ्याने शेजारी दार ठोठावतील.

जुन्या पेटीतून घ्यायचे ते एवढेच : दोन्ही ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेचा आणि स्पीकरला जोडणारा, नलिका व त्यांच्या बैठका, लोखंडी सांगाडा आणि शक्य झाल्यास लाकडी पेटी. जुने कंडेन्सर घेऊ नयेत. मेण आणि कागदाचे कंडेन्सर कालांतराने गळू लागतात आणि त्यांतून झिरपणारी वीज शक्तीच्या नलिकेला जाळते; वीज साठवणारे मोठे कंडेन्सर आतून वाळून जातात. ते सर्व नवे घ्यावेत. रेझिस्टर मोजावेत आणि मूळ मूल्यापासून ढळलेले बदलावेत. प्लेअरचा छोटा स्पीकर गाण्यासाठी होता. गिटारच्या आघाताने त्याचा कागद फाटू शकतो. आठ किंवा दहा इंची नवा स्पीकर घ्यावा आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा ॲम्प्लिफायर कधीही चालू करू नये, अन्यथा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली वीज ६० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बमधून द्यावी. रेडिओ दुरुस्त करणारे याला सिरीज बल्ब म्हणत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक; प्रखर पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर मोजमाप. ईएल ८४ च्या खालच्या टोकाला १३५ ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर ७.२ व्होल्ट दिसले, तर भागाकाराने प्रवाह सुमारे ५३ मिलिअँपिअर येतो आणि २५० व्होल्टवर नलिका आपल्या १२ वॅटच्या मर्यादेत आहे असे कळते. आकडा बराच वर गेला तर वीज बंद करून चूक शोधावी. कानाने गोड लागते म्हणून हिशेब सोडू नये.

या यंत्रात २५० ते ३०० व्होल्टची एकदिश वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. आत हात घालण्यापूर्वी १० हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्याने कंडेन्सरवर काही सेकंद धरावा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच काम सुरू करावे. चालू संच मोजताना दुसरा हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे धक्का एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीमार्गे जात नाही. घरातील आरसीसीबीवर विसंबू नये. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला बसणारा धक्का तिला कळतच नाही. म्हणूनच हे काम मुलाने एकट्याने, रात्री दार लावून करण्याचे नाही. विजेचे काम जाणणारा मोठा माणूस शेजारी असणे ही परवानगीची पहिली अट असावी.

खर्चाची बाजूही स्पष्ट ठेवावी. नवे कंडेन्सर, स्पीकर, एखादी नलिका आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज केली, तर सरावापुरता ट्रान्झिस्टरचा तयार ॲम्प्लिफायर बहुधा स्वस्त पडतो. बचतीसाठी हा उद्योग करू नये. त्यातून लाभ होतो तो निराळा : मोजून पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणे, एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम ओळखणे आणि मोडलेल्या वस्तूत काय टिकले आहे ते शोधणे. उद्या हाच मुलगा दुकानात बसला, तर परत आलेला माल फेकून देण्यापूर्वी तो उघडून पाहील.

पेटीतील जे भाग लागले नाहीत तेही टाकू नयेत. मोटर, चकती, रबरी चाक आणि सुईचा दांडा यांसाठी कोणाचा तरी दुसरा प्लेअर खोळंबलेला असतो. जुन्या तबकड्या जपणाऱ्याकडे ते पोहोचवावेत. आणि नव्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे, आतल्या बाजूला, एक कागद चिकटवावा. त्यावर जोडणीची आकृती, प्रत्येक ठिकाणी मोजलेले व्होल्ट, तारीख आणि कोणता भाग कोणाच्या घरच्या पेटीतून आला, याची नोंद असावी. पन्नास वर्षांनी ही पेटी पुन्हा एखाद्या माळ्यावरून खाली उतरेल, तेव्हा ती उघडणाऱ्याला पहिला हात कोठे लावावा आणि कोठे लावू नये, हे त्या कागदावरून कळेल.